चढता ठिपका

जमीन हलली की कुरोसे गावातली माणसं आधी मनगटाकडे बघत. दिवा किती झुलतोय, कपाट सरकलं का, हे सगळं मागाहून. प्रत्येकाच्या मनगटावर रबराचा एक पातळ पट्टा असे. एरवी तो मुका. जमीन हादरली की मात्र त्यावर गावाचा काडेपेटीएवढा नकाशा उजळे आणि नकाशावर आपल्या माणसांचे ठिपके दिसू लागत. आईचा, नवऱ्याचा, लेकीचा. ठिपके टेकडीच्या दिशेने सरकताना दिसले की माणूस सुटकेचा श्वास टाकी आणि स्वतःही टेकडी चढू लागे. या पट्ट्याचं नाव होतं आन्शिन. जपानी भाषेत त्याचा अर्थ मनाची निश्चिंती.

निश्चिंतीचा त्या किनाऱ्यावर दुष्काळच होता. ईशान्य जपानलगतचा समुद्रतळ बेचैन झाल्याला एक पिढी उलटून गेली होती. पूर्वी तिथली भूपट्टी वर्षानुवर्षं अडकून राहायची आणि मग एकदाच सुटायची. आता ती अडकायची, सुटायची, पुन्हा अडकायची. शंभर वर्षांत एखादा यावा असा भूकंप वर्षातून दोन-तीनदा येई, आणि त्याच्या पाठोपाठ कधी गुडघाभर तर कधी घर बुडवणारी लाट. लहानसहान हादरे तर कोणी मोजतही नसे. लोकांनी त्याचीही सवय करून घेतली होती. माणूस कशाची सवय करून घेईल याचा काही नेम नाही. सूप अर्ध्या वाटीच्या वर कोणी वाढत नसे. न्हाव्याच्या दुकानातून वस्तरा बाद झाला होता. लग्नपत्रिकेवर मुहूर्ताखाली पर्यायी मुहूर्त छापत. गाव सोडून का जात नाही, असं बाहेरचे विचारायचे. जायचं कुठे? निम्म्या देशाची हीच गत होती.

गाव एका चिंचोळ्या खाडीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. अलीकडे देवळाची टेकडी, पलीकडे शाळेची टेकडी, मध्ये बंदर. जगायचं तर या दोनपैकी एका टेकडीवर वेळेत पोचायचं, एवढंच.

या किनाऱ्यावर फार जुनी एक रीत होती. तिला तेंदेन्को म्हणत. म्हणजे ज्याने-त्याने आपापलं. जमीन जोरात हलली की जो जिथे असेल तिथून त्याने थेट उंचावर पळायचं. आईने मुलाला शोधायचं नाही, मुलाने आईची वाट बघायची नाही. ऐकायला निर्दय वाटतं, पण त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचं रडणं होतं. एकमेकांना आणायला गेलेली अख्खी कुटुंबं एकत्र बुडाली होती. म्हणून घरोघरी वर्षातून एकदा सगळ्यांनी चटईवर बसून एकमेकांना मोठ्याने वचन द्यायचं: तू पळशील, मीही पळेन, कोणी कोणासाठी मागे फिरणार नाही. सगळी मदार विश्वासावर. मूल पळालंय अशी आईची खात्री असेल तरच आईचे पाय उचलणार.

डॉ. सुनेत्रा घाडगे या गावात आली ती हा विश्वास पक्का करायला. ती साताऱ्याकडची, पाटणची. घोळक्यातली माणसं कशी वागतात याचं गणित मांडणं हे तिचं शास्त्र. तिला वाटलं, विश्वास ठेवायला लावण्यापेक्षा सरळ दाखवूनच का देऊ नये? त्यातून आन्शिन जन्माला आलं. त्या पहिल्या पट्ट्यांवरचे ठिपके खरे होते.

त्या वर्षी मोठी लाट आली त्या दिवशी शेजारच्या ओकानोसान समुद्रशेवाळ वाळवत होत्या. हात ओले म्हणून त्यांनी पट्टा काढून वाळवणीच्या मांडवावर ठेवला होता. जमीन हलली तशा त्या वचनाप्रमाणे धावत सुटल्या आणि सुखरूप वर पोचल्या. पट्टा मांडवावरच राहिला. त्यांचा मुलगा ताकुमी देवळाच्या पायऱ्या अर्ध्या चढून आला होता. त्याने मनगटाकडे पाहिलं. आईचा ठिपका किनाऱ्यावर गप्प उभा होता. तो मागे वळला. त्याच्यासारखे आणखीही वळले, प्रत्येकाला कोणाचा ना कोणाचा ठिपका थांबलेला दिसला होता. ताकुमी गेला, आणि त्या पायऱ्यांवर त्याच्यामागे अडकलेले कितीतरी गेले.

पट्टे काढून घेऊन पाहिलं. त्याने आणखीच वाईट झालं. एकदा बघायची सवय लागलेली माणसं आता न बघता पळायला तयार होईनात. पायथ्याशी थांबून मागे वळून वळून बघत राहिली. मग सुनेत्राने आणि तिच्या वरच्या चार-पाच जणांनी बंद दाराआड एक निर्णय घेतला. पट्टे परत वाटले गेले. त्यानंतर लाटांमध्ये दगावणाऱ्यांची संख्या इतकी घटली की दूरदूरची गावं आन्शिन मागू लागली. ओकानोसान तर सुनेत्राला सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत आणि भेटल्या की कमरेत वाकून नमस्कार करत. तो नमस्कार घेताना सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आई गेल्यावर सुनेत्राने अण्णांना आपल्याकडे आणलं. दौलतराव घाडगे पाटणच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. कोयनेच्या खोऱ्यात जन्म गेलेला, त्यामुळे बारीकसारीक हादऱ्यांचं त्यांना कौतुक नव्हतं. "आमच्याकडं बी भांडी वाजायची," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले आणि चहा पीत राहिले. गावात त्यांचं छान जमलं, सगळे त्यांना ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणत. कानात दुभाष्याचं छोटं यंत्र घातलं की ओकानोसानचं बोलणं त्यांना बातम्या देणाऱ्या बाईच्या शुद्ध मराठीत ऐकू येई. याचं त्यांना भारी हसू यायचं.

एका दुपारी ओकानोसान लोणच्याचा डबा घेऊन आल्या आणि दारातूनच रागावल्या.

"ओतोसान, काल आम्हाला सोडून शाळेच्या टेकडीवर कशाला गेलात? आम्ही देवळापाशी तुमची जागा धरून बसलो होतो. आणि या वयात काय भराभर चढलात! मी पट्ट्यावर बघत होते."

आदल्या दिवशी बऱ्यापैकी भूकंप झाला होता, लाट मात्र बंदराच्या कट्ट्यावरच विरली होती. अण्णा काहीतरी बोलणार होते, पण थांबले.

"सहज. बदल म्हणून," ते म्हणाले आणि लोणच्याची तारीफ करू लागले.

संध्याकाळी सुनेत्रा घरी आली, जेवायला बसली. अण्णांनी ताटाला हात लावला नव्हता.

"सुने, काल जमीन हालली तवा मी कुटं हुतो?"

"शाळेच्या टेकडीवर ना? मला दिसलं." बोलता बोलता ती चपापली.

"मी टबात हुतो. ऊन पान्यात गुडगं बुडवून. म्हटलं, रोज मरं त्याला कोन पळं. न्हाई उठलो." त्यांनी मनगट तिच्यापुढे धरलं. "मग त्या टेकडीवर चढलं कोन?"

'बिघाड असेल,' हे दोन शब्द सुनेत्राच्या ओठांवर आले होते. अख्ख्या गावाशी ती रोज खोटं वागत होती, त्यात आणखी एक. पण समोर बाप होता. ज्याच्या पाठीवर बसून तिने कोयनेचा पूर पाहिला होता, त्याच्या तोंडावर तिला ते बोलवेना. हीच तिची चूक झाली. पुढे आयुष्यभर ती स्वतःला तेवढंच विचारत राहिली, की शेवटी एकाशी तरी खरं बोलावं असं मला का वाटलं?

"अण्णा, तो ठिपका खोटा होता," ती म्हणाली. "जमीन हलल्यापासून पाणी ओसरेपर्यंत जो खरंच चढतोय त्याचा ठिपका चढताना दिसतो. आणि जो चढत नाही, त्याचाही चढतानाच दिसतो."

"म्हंजे?"

"म्हणजे तो पलीकडच्या टेकडीवर चढताना दिसतो. बघणारा देवळाकडे असला तर शाळेच्या टेकडीवर, शाळेकडे असला तर देवळाच्या. म्हणजे कोणी जवळ जाऊन शोधायला नको. मागाहून कोणी बुडालेलं सापडलं, तर वर पोचून पुन्हा खाली उतरलं असेल, असंच लोक धरून चालतात."

वर्गात एखाद्या हुशार पोराने शेजाऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून दाखवावं, तसं अण्णांना झालं असावं.

"कशापायी गं हे?"

तिने त्यांना उलटलाट समजावून सांगितली. हा तिचाच शब्द. "अरुंद पायऱ्यांवरून माणसं चढत असतात ना, तेव्हा ती नळातल्या पाण्यासारखी वाहत असतात. त्यातला एक जरी वळून खाली यायला लागला, तर त्याच्या खालचा थांबतो, मग त्याच्या खालचा. थांबण्याची ही लाट बघता बघता पायथ्याला पोचते. वळतो एक आणि अडकतात शेकडो. समुद्राची लाट यायच्या आधीच माणसांची ही उलटी लाट गाव बुडवते. मी सगळी गणितं करून पाहिली, अण्णा. कोणालाही वळावंसं वाटता कामा नये. आणि आपलं माणूस खाली आहे हे कळलं, तर वळत नाही असा माणूस अजून जन्माला आलेला नाही."

"म्हंजे मानूस खाली बुडतंय आन् त्याचा ठिपका टेकडी चढतोय."

"हो."

"आन् त्याची बायको वर बसून बघतीया. हसतीया."

"ती जिवंत असते, अण्णा."

"व्हय. जित्ती असती." त्यांनी ताट पुढे ओढलं आणि पुन्हा मागे सारलं. "खाली ज्याला वाचवता आलं असतं, त्याचं काय?"

"असे थोडेच असतात. वाचतात ते पुष्कळ."

"गनित बराबर हाय तुजं." ते शांतपणे म्हणाले. हे ऐकण्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. "पर मला एक सांग. मी आलो त्या साली ह्याच चटईवर बसून आपन वचान दिलं. तू पळशील, मी बी पळंन. तवा मला कायबी दिसत न्हवतं, पर भरवसा हुता. आता डोळ्याला दिसतंय, आन् भरवसा गेला."

"ठिपका विसरा तुम्ही. मी पळणारच. तुम्हीही पळा."

"इसरायचा कसा? तू मेलीस तरी ह्यो मला तू पळतीयाच दाखवनार." ते उठले. मोरीपाशी हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "मशीन बिघडलंय म्हनून सांगायचं हुतंस, पोरी. मी मानलं असतं."

त्यानंतर त्या विषयावर दोघं बोलली नाहीत. अण्णांनी कोणापाशी अवाक्षर काढलं नाही. ओकानोसान ठिपक्यांचं कौतुक सांगू लागल्या की ते फक्त मान हलवत. मात्र सुनेत्रा सकाळी निघताना, आज कुठे असशील, हे ते न चुकता विचारू लागले. ती सांगायची. बहुधा बंदरालगतची प्रयोगशाळा, तळमजल्यावर यंत्रं, वरच्या मजल्यावर तिची खोली.

त्या दिवशीही ती तेच सांगून निघाली. वाटेत ओकानोसान भेटल्या. शाळेत मुलांचा वचनाचा दिवस होता. ओकानोसान दरवर्षी मुलांना ताकुमीची गोष्ट सांगायला जात.

"सेन्सेई, तुम्हीही चला ना. पट्ट्याबद्दल दोन शब्द सांगा. मुलांना धीर येईल."

ताकुमीच्या आईला नाही म्हणणं सुनेत्राला कधीच जमलं नव्हतं. ती गेली. घरी कळवायला हवं होतं, पण तासाभराचं तर काम, असं तिला वाटलं.

मुलं दोन-दोनच्या जोड्या करून समोरासमोर बसली होती. तू पळशील, मीही पळेन, असा एकच गलबला चालला होता. तेवढ्यात जमीन आधी गुरगुरली आणि मग अशी उसळली की उभी माणसं बसली. हे नेहमीचं नव्हतं. फळा भिंतीवरून निखळला. थांबलं असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू झालं. शेवटी सगळं निवलं तेव्हा शिक्षिकेने मुलांना पटांगणात रांगेने बसवलं. शाळा टेकडीवरच होती, त्यामुळे पळायचं कोणाला नव्हतंच. खालून गावकऱ्यांची रांग पायऱ्या चढू लागली होती. मुलं मनगटाकडे बघत होती आणि एकमेकांना सांगत होती: माझी आई निघाली, माझे बाबा तर अर्ध्यावर आले.

सुनेत्रानेही पाहिलं. अण्णांचा ठिपका देवळाच्या पायऱ्या चढत होता.

घर देवळाच्या पायथ्याशी होतं. म्हणजे ते योग्य वाटेने, योग्य टेकडी चढत होते. शाळेवरून पाहणाऱ्याला देवळाची टेकडी पलीकडची होती. खोटा ठिपकाही नेमका तिथेच चढला असता. अण्णांच्या मनगटावर आता काय दिसत असेल? तिचा ठिपका. शाळेच्या टेकडीवर, जमीन हलल्याक्षणी. बंदरातल्या खोलीत असायला हवी होती ती मुलगी, आणि तिचा ठिपका त्यांच्यासाठी पलीकडच्या असलेल्या टेकडीवर आयताच पोचलेला.

तो ठिपका खरा होता. पण अख्ख्या गावात तो खोटा समजणारा एकच माणूस होता, आणि त्याला तिनेच ते शिकवलं होतं.

फोन लागणार नव्हता. माणसं बोलत थांबू नयेत म्हणून अशा वेळी सगळे फोन बंद ठेवायचे, हेही तिनेच सुचवलेलं. खरा नकाशा उघडायची चावी मात्र तिच्याकडे होती, मागाहून अभ्यासासाठी. पाणी ओसरायच्या आत ती वापरायची नाही अशी तिने शपथ घेतली होती. तिने मुलांकडे पाठ केली आणि ती चावी वापरली.

अण्णा बंदराच्या रस्त्यावर होते. त्यांचा ठिपका हळूहळू सरकत होता, दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस घाईघाईने चालावा तसा. सगळं गाव ज्या दिशेने येत होतं तिच्या बरोबर उलट. तो प्रयोगशाळेच्या दारात पोचला. तळमजल्यावर इकडून तिकडे फिरला. यंत्रांच्या मागे, कपाटांच्या मागे. मोठ्याने हाका मारत असणार. सुने, ए सुने. मग तो जिन्याकडे वळला.

समुद्र अजून मागे हटत होता. लाट यायला किती वेळ आहे याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. उतरताना ती जोरात पळाली, आणि वर येताना त्यांना ओढत आणलं, तर कदाचित जमलं असतं. कदाचित. ती पायऱ्यांच्या तोंडाशी गेली. खालून माणसं चढत होती. कडेवर मुलं होती, पाठीवर म्हातारे होते. पायऱ्या दोन माणसं जेमतेम मावतील एवढ्याच रुंद. त्यातले सगळे तिला ओळखत होते. सेन्सेईंनी हा पट्टा केला, त्या खोटं दाखवणार नाहीत. सेन्सेईच जर रडत खाली धावत सुटल्या, तर प्रत्येकाला कळणार होतं की ठिपक्यांचा काही भरवसा नाही. मग प्रत्येकाला आपापलं माणूस आठवणार होतं. मागे पटांगणात शंभरेक मुलं बसली होती, त्यांनाही आठवणार होतं. पुढचं सगळं गणित तिला तोंडपाठ होतं.

एका पायरीवर तिचा पाय उतरलाही होता. खालून येणारी एक बाई थबकली. तिच्यामागचा माणूस थांबला. त्याच्या मागून कोणीतरी विचारलं, काय झालं?

सुनेत्राने पाय वर घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "या. जागा आहे वर."

रांग पुन्हा चालू झाली. खऱ्या नकाशावरचा ठिपका वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत शिरला आणि तिथेच थांबला. बहुधा ते खिडकीपाशी उभे असावेत. कदाचित दमून तिच्या खुर्चीत बसले असतील. खाली समुद्राने मोठा आवाज केला.

ओकानोसान तिच्याजवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर निर्धास्त हसू होतं. त्यांनी आपलं मनगट तिच्यापुढे केलं.

"सेन्सेई, काळजी सोडा. ओतोसान पोचले बघा देवळापाशी."

खाडीपलीकडच्या टेकडीवर माणसांची दाटी झालेली दिसत होती. एवढ्या लांबून चेहरे ओळखू येणं शक्य नव्हतं. तरी अशा वेळी दोन्ही टेकड्यांवरची माणसं एकमेकांना हात दाखवत. आपलं माणूस तिथे आहे एवढं पट्ट्याने सांगितलेलं पुरे असे. आताही मुलं उभी राहून दोन्ही हात हलवू लागली होती. मधोमध काळं पाणी बंदराचा कट्टा ओलांडून रस्त्यावर आलं आणि प्रयोगशाळेच्या भिंतीला लागलं.

"हात हलवा की," ओकानोसान म्हणाल्या. "तुमची वाट बघत असतील."

मुलं तिच्याकडे बघत होती. सुनेत्राने हात वर केला आणि हलवला. पलीकडून लगेच कितीतरी हात उलट हलले.

"ते बघा, त्या झाडाखाली. तेच ना?"

"हो," सुनेत्रा म्हणाली. "अण्णाच."